टीयूईची फाईल की खिशातला पंप?

दमा असलेल्या कबड्डीपटूला शिबिराचं बोलावणं आलं की आनंदाच्या पाठोपाठ एक घोर लागतो. चालू औषध उत्तेजकांच्या बंदी यादीत असेल तर ते तसंच ठेवून टीयूई, म्हणजे वैद्यकीय सूट, मागायची की बंदी नसलेलं औषध घ्यायचं? मी दोन्ही करून बसलोय.

माझं चालू औषध टर्ब्युटालिन. खोकल्याच्या कितीतरी सिरपांत ते असतं. पावसाळ्यात आमच्या मालवणकडे अशी बाटली घरोघरी सापडेल. खेळात मात्र ते बारा महिने बंद, स्पर्धा असो वा नसो.

सुटीचे निकष तसे रास्त आहेत. आजाराचं निदान झालेलं हवं, औषधाने ताकद नेहमीच्या प्रकृतीपेक्षा वाढता नये आणि चालणारा दुसरा उपचार नसावा. या शेवटच्या अटीवर माझं घोडं अडणारच होतं, कारण पंपातून घ्यायचं, चालणारं साल्ब्युटामॉल असताना टर्ब्युटालिन कशाला, हे समिती विचारणार. पण मी तिथवर पोचलोच नाही. मला नडली ती फाईल.

दमा लहानपणापासूनचा, पण पुरावा काय, तर माळ्यावरच्या ट्रंकेतले केसपेपर. त्यांना बुरशी आलेली, शाई अशी फुटलेली की डॉक्टरांची सही तेवढी ओळखू यावी. शिवाय स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकायच्या तपासणीचा रिपोर्ट हवा, औषधाआधीचा आणि नंतरचाही. त्यासाठी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथे आधीचाच काढून दिला. नंतरचा राहिलाय हे घरी येऊन कळलं. परत एसटी, परत घाट. तोवर अर्ज अपुरा म्हणून परत आला होता. निर्णयाची २१ दिवसांची मुदत धरतात ती अर्ज पूर्ण झाल्यापासून. माझा पूर्ण होईपर्यंत शिबिर आटोपलं होतं.

मग डॉक्टरांशी बोलून पंपावर, म्हणजे इन्हेलरवर, आलो. श्वासावाटे साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. १०० चा पफ धरला तर आठ तासांत सहा. मला सरावाआधी दोन पुरतात. रोजचा ब्युडेसोनाइडचा पंपही नेमून दिलेल्या मात्रेत चालतो. एवढ्यासाठी सूट मागावी लागत नाही. मैदानाच्या कडेला पंप काढला की पोरं ओरडतात, "रे दमेकऱ्या, दम कित्याक घालतंस?" ते सोसतो.

पंप घेतला म्हणजे टीयूईशी संबंध संपला, असंही नाही. एका जुलैच्या रात्री दम लागून दवाखान्यात नेलं आणि नेब्युलायझर लावला. त्यातली साल्ब्युटामॉलची छोटी कुपी २.५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅमची; दिवसाची मर्यादा कागदावर तरी एका बैठकीत ओलांडली. जोडीला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असतं तर तेही स्पर्धाकाळात बंद. अशा तातडीच्या वेळी उपचार आधी, अर्ज मागाहून करता येतो. म्हणून त्या रात्रीचा केसपेपर निघतानाच मागून घेतला. तो झिपच्या पिशवीत, पंपाशेजारीच असतो.

इन्सुलिनवर असलेल्यांनी माझं रडगाणं मनावर घेऊ नये. त्यांना दुसरी वाट नाही, फाईल करावीच लागते. ज्यांचा दमा पंपाला दाद देत नाही, त्यांचंही गणित निराळं असेल. पण पंपावर भागत असेल तर माझ्या मते तरी घाट चढू नये.

फक्त मेडिकलमध्ये "तेच औषध, कंपनी वेगळी" म्हणून पुढे केलेली खोकल्याची बाटली तशीच घेऊ नका. मी काउंटरवरच उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतो. आमचा मेडिकलवाला आता न सांगता स्वतःचा चष्मा पुढे करतो.