प्राचीन संस्कृतींचा शैक्षणिक संच : वजने अस्सल, मुद्रेखालचा मजकूर चुकीचा

सांगलीच्या गणपती पेठेतील शालेय साहित्याच्या एका दुकानातून प्राचीन संस्कृतींची ओळख करून देणारा हा संच मी जूनमध्ये सहावीच्या वर्गासाठी साडेअठराशे रुपयांना घेतला. गेले चार महिने तो वापरल्यावर, केवळ हडप्पाकालीन वजनांसाठीही तो घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

ही वजने खऱ्या दगडाची, चौकोनी ठोकळ्यांच्या आकाराची असून एक, दोन, चार, आठ अशी चौसष्टपर्यंत दुप्पट होत जातात. सोळापट वजन मी सराफाच्या काट्यावर तोलून पाहिले; उत्खननात सापडलेल्या वजनांप्रमाणेच ते सुमारे १३.७ ग्रॅम भरले. एक, दोन, चार आणि आठपट वजने एका पारड्यात टाकली, तरी दुसरीकडचे सोळापटच जड राहते; वर जादा दिलेले एकपट वजन ठेवले, की काटा मध्यावर येतो. हळदीच्या सौद्याला वडिलांबरोबर जाणाऱ्या एका मुलाने तेव्हा विचारले, “सर, मग हे माप तपासत कोण होतं?” हडप्पापासून लोथलपर्यंत एकच माप चालण्यासाठी व्यापार, विश्वास आणि नियम घालून देणारी व्यवस्था लागते, हे त्या एका प्रश्नातून वर्गापुढे मांडता आले.

लाकडी विटाही जाडी, रुंदी आणि लांबीच्या १:२:४ या प्रमाणात काटेकोर आहेत. मेसोपोटेमियासाठी शाडूची माती आणि बोरू दिला आहे. ओल्या मातीत बोरूचे टोक दाबून मुलांनी धान्याचे हिशेब नोंदवले; तेथील आरंभीच्या लेखनाचा मोठा भागही असाच हिशेबाचा होता. इजिप्तच्या वाट्याला मात्र पुठ्ठ्याच्या पिरॅमिडपलीकडे काही आलेले नाही.

गंभीर दोष मुद्रेच्या प्रतिकृतीत आहे. तिच्यावरील चिन्हांचा ‘अर्थ’ खाली ठामपणे छापला आहे. वास्तविक सिंधू लिपीचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही. मुले छापील शब्दावर विश्वास ठेवतात, म्हणून ही चूक मला फार खटकली आणि ती ओळ मी कागद चिकटवून झाकली.

नकाशात महाराष्ट्र कोराच आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला बैलजोडीचा कांस्यरथ मराठी शाळांसाठीच्या संचात नसावा, याचे वाईट वाटते. पुढच्या आवृत्तीत निदान नकाशावर ते ठिकाण दाखवावे, असे मी निर्मात्यांना पत्राने कळवले आहे.