‘मेट्रोपोलिस’ वाद्यवृंदासह: तिकीट काढण्याआधी

फ्रिट्झ लांगचा जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) घरी कितीही वेळा पाहिला असला, तरी समोर वाद्यवृंद वाजत असताना एकदा पाहायलाच हवा. फक्त तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. प्रत २०१० ची, हरवलेले तुकडे जोडून पुन्हा उभी केलेली आहे ना? आणि संगीत मूळ संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झचंच आहे ना? इतरांनी बांधलेल्या संगीतावरचे प्रयोगही रंगतात. पण हुपर्ट्झच्या स्वरलिपीत दृश्यांच्या हजाराहून जास्त खुणा आहेत. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सला १६ मिमीची जास्त लांबीची प्रत सापडली, तेव्हा तिच्यातले तुकडे जागच्या जागी बसवायला याच खुणा कामी आल्या.

ते तुकडे पडद्यावर लगेच ओळखू येतात: उभ्या ओरखड्यांचा पाऊस आणि कडेला काळी पट्टी. प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. ओरखडे मूळ प्रतीवरूनच उतरलेत आणि चौकटीची कडही त्या प्रतीत कापली गेली होती.

डिजिटल प्रत कुणासाठी थांबत नाही. वाद्यवृंदाच्या संचालकाला समोरच्या छोट्या पडद्यावर नजर ठेवून लय ओढावी किंवा सोडावी लागते. खरी परीक्षा पुराच्या प्रसंगात. नायिका मारिया चौकातल्या घंटेचा दांडा सगळा जीव लावून खेचते. तिथे ठोका अर्धा सेकंद जरी चुकला तरी घंटा खोटी वाटते. नेमका पडला, तर मूकपट बोलतोय असंच वाटतं. मृत्यू हाडाची बासरी वाजवतो, तिथेही कान द्या.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वादकांच्या स्टँडवरचे दिवे झाकलेले नसतील तर उजेड पडद्यावर सांडतो आणि भुयारातला काळोख राखाडी होतो. पुढच्या रांगांत संचालकाचं डोकं आणि डबल बासच्या माना आड येतात, शिवाय तालवाद्यं तंतुवाद्यांना गिळून टाकतात. बाल्कनीची पहिली रांग मिळाली तर उत्तम. दृश्यांमधल्या जर्मन मजकुराच्या पाट्यांची भाषांतरं खाली, वेगळ्या ओळीत हवीत. जमिनीखालच्या कामगारांच्या नगरीकडे उतरताना पाटीवरची अक्षरंही खाली सरकतात, त्यांच्यावर काही चढवलं की मजा गेली.

चित्रपट सुमारे अडीच तासांचा, तीन भागांत. मध्यंतर पहिल्या भागानंतरच हवं. दुसऱ्यानंतर ठेवलं तर पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांचे ओठ तोवर थकलेले असतात आणि शेवटच्या भागातलं बंड, त्यातला मोडूनतोडून घेतलेला ‘मार्सेयेज’ (फ्रान्सचं राष्ट्रगीत), ढिला पडतो.