सेबन की स्विनी?
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन पळतात, तो) मुख्य प्रशिक्षक कसा असावा? माझं मत अलाबामा विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक निक सेबन (२०२४ मध्ये निवृत्त) यांना. कडक शिस्तीचे, पण हट्टी नव्हेत. जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध ०-१३ ने मागे असताना त्यांनी मध्यंतरात नेहमीच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चाली चालवणारा मुख्य खेळाडू), जेलन हर्ट्सला, बसवून नवख्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं आणि जादा वेळेत २६-२३ ने सामना मारला. एवढी छाती किती जणांची?

क्लेमसन विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅबो स्विनी माणसं जपणारे. सेबनना अंतिम सामन्यात त्यांनी दोनदा हरवलंय. २०१९ मध्ये तर ४४-१६ असा धुव्वा उडवला. पण दुसऱ्या कॉलेजांतले तयार खेळाडू घेण्याची पद्धत रुळल्यावरही ते बराच काळ आपल्याच पोरांवर अडून राहिले. निष्ठा म्हणून कौतुकास्पद. स्पर्धेत मात्र महागात पडली.