निकेलच्या कागदांवर आलेले लोखंड

कोल्हापूर-सांगली भागातील ज्या फाउंड्रींमध्ये स्टेनलेस पोलादाचे ओतकाम होते, त्यांना निकेल पुरवण्याचा आमचा व्यवसाय आहे. ३०४ प्रतीच्या पोलादात साधारण ८ टक्के निकेल लागते आणि आपल्याकडे खनिजापासून निकेल जवळजवळ काढलेच जात नसल्यामुळे ते बाहेरून आणावे लागते. अशाच एका आयातीत आम्ही कसे नाडले गेलो, हे या व्यापारात नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहीत आहे. प्रकरण चौकशीत असल्यामुळे पुरवठादाराचे किंवा दलालाचे नाव देत नाही.

पुरवठादार आखातातील एका मुक्त व्यापार क्षेत्रात नोंदलेला होता. त्याच्याकडून आधी घेतलेला थोडाथोडा माल चोख निघाला होता, भाव लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या जागतिक बाजाराच्या दरापेक्षा किंचितच कमी होता आणि संशय यावा असे काहीही त्याच्या बोलण्यात नव्हते. मग पूर्ण कंटेनरचा सौदा झाला. आम्ही ‘अ‍ॅट साइट’ एलसी, म्हणजे ठरलेली कागदपत्रे हाती येताच पैसे देण्याची बँकेची हमी, उघडली. बिल ऑफ लेडिंग (माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती), बीजक, पॅकिंग लिस्ट, तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र अशी सर्व कागदपत्रे एलसीच्या शर्तींशी तंतोतंत जुळल्यामुळे बँकेने पैसे चुकते केले, तेव्हा जहाज अजून वाटेतच होते.

न्हावा शेव्याला उतरलेला कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, उघडला, तेव्हा सीलचा क्रमांक कागदाशी जुळला आणि वजनही जुळले. कॅथोडच्या, म्हणजे शुद्ध निकेलच्या, प्लेटांची म्हणून पट्ट्यांनी आवळलेली बंडले समोर होती. चुंबक लावले, ते चिकटले; पण निकेलही चुंबकाला चिकटते आणि लोखंडही, त्यामुळे या धातूच्या बाबतीत त्या परीक्षेला काही अर्थ नाही. क्ष-किरणांनी धातूतील घटक ओळखणाऱ्या, ज्याला बाजारात पीएमआय गन म्हणतात त्या यंत्राने वरच्या प्लेटेवर जवळपास शुद्ध निकेल दाखवले. तरीही आमच्या माणसाने एका बंडलाच्या पट्ट्या कापून घेतल्या, कारण खालच्या काही प्लेटांच्या कातरलेल्या कडांवर त्याला तांबूस डाग दिसले होते आणि निकेलला असा गंज चढत नाही. वरच्या दोन-तीन प्लेटा अस्सल होत्या. त्यांच्याखाली निकेलचा मुलामा दिलेला साध्या पोलादाचा पत्रा होता. पीएमआय गन फक्त पृष्ठभागच वाचते, म्हणून मुलाम्यावरही ती निकेलच सांगत होती. कानशीने पत्रा खोलवर घासून तिथे अमोनिया आणि डायमिथाइल ग्लायऑक्झाइम टाकले, तर निकेल असते तेव्हा येणारा गुलाबी-लाल रंग उमटेना. शेजारच्या न घासलेल्या जागी मात्र तो लगेच उमटला.

तपासणी प्रमाणपत्राबाबत त्या संस्थेकडे थेट विचारणा केली. उत्तर आले की तो क्रमांक त्यांचाच आहे, परंतु भलत्याच ग्राहकाच्या भलत्याच मालासाठी दिलेला आहे.

हे घडू शकते, याचे कारण या व्यापाराच्या घडणीतच आहे. एलसीचे व्यवहार ज्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतात, त्यांच्या ५ व्या कलमानुसार बँकेचा संबंध मालाशी नसून केवळ कागदपत्रांशी असतो आणि ३४ व्या कलमानुसार कागद बनावट निघाल्यास बँक जबाबदार नसते. जहाज कंपनी बंद कंटेनर स्वीकारते आणि ‘माल पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे’ अशा अर्थाचा शेरा मारून मोकळी होते. २६ व्या कलमानुसार असा शेरा असलेले बिल ऑफ लेडिंगही बँकेला चालते. २०१६ पासून प्रत्येक कंटेनरचे वजन जहाजावर चढवण्यापूर्वी प्रमाणित करावे लागते, पण वीस टन पोलाद हेही वीस टनच भरणार.

आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्याचेच असे होते, असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्राफिगुरा या बलाढ्य कंपनीने विकत घेतलेल्या कंटेनरांत निकेल नसल्याचे जाहीर करून ५७.७ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. पुढच्याच महिन्यात रॉटरडॅममधील एका मान्यताप्राप्त गोदामात, लंडन मेटल एक्स्चेंजच्या वॉरंटवर, म्हणजे गोदामातील मालाच्या मालकीहक्काच्या कागदावर, असलेल्या ५४ टन निकेलच्या पिशव्यांत दगड सापडले. लंडनच्या वॉरंटवर डोळे झाकून पैसे मोजणारे आपल्या बाजारात पुष्कळ आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नुकसान मालाच्या किमतीपुरते थांबत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, आमच्या नावाने भरलेले आणि त्यात माल निकेल म्हणून घोषित केलेला, त्यामुळे सीमाशुल्क खात्याचे प्रश्न पुरवठादाराला नव्हे तर आम्हाला विचारले गेले. विमा कंपनीचे म्हणणे असे की निकेल जहाजावर चढलेच नव्हते, तेव्हा प्रवासात हरवले काय? कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे चडफडत का होईना मान्य करावे लागते.

आता आम्ही एलसीमध्येच अशी शर्त घालतो की तपासणी संस्था आमच्या पसंतीची असेल, तिचे शुल्क आम्ही देऊ, कंटेनर भरताना तिचा माणूस हजर राहील, बंडले सोडून मधल्या प्लेटांना ड्रिलने भोके पाडून नमुने घेईल, सील तोच लावील आणि अहवालाची प्रत थेट आमच्याकडे पाठवील. बंडलाची लांबी, रुंदी, उंची आणि वजनही त्यात नोंदवायला सांगतो, कारण निकेलची घनता ८.९ आणि लोखंडाची ७.८७ असल्याने सारख्या आकाराचे पोलादी बंडल सव्वाअकरा-बारा टक्के हलके भरते. ‘अ‍ॅट साइट’ऐवजी मुदतीची एलसी मिळाली तर थोडे व्याज पडले तरी घ्यावी, पैसे देय होण्यापूर्वी माल हाती येतो आणि फसवणूक उघड व गंभीर असल्यास न्यायालयाकडून पैसे रोखून धरण्याची निदान शक्यता तरी उरते. पुरवठादार या शर्तींना कुरकुर करू लागला, तर आम्ही सौदा तिथेच सोडतो. ज्यांचा कंटेनर आज बंदरात येऊन पडला आहे आणि मनात शंका आहे, त्यांनी सीएचएमार्फत, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटामार्फत, शुल्क आकारणीपूर्वीच्या तपासणीची, म्हणजे ‘फर्स्ट चेक’ची मागणी करावी, आणि स्वतंत्र सर्व्हेअर हजर असल्याशिवाय सीलला हात लावू देऊ नये.