द स्कार्लेट लेटर: खरी जोडी डॉक्टर आणि पाद्रीची

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ही १८५० मधली कादंबरी म्हटलं की सगळे हेस्टर प्रिन आणि व्यभिचाराची शिक्षा म्हणून तिच्या छातीवर आलेलं लाल 'ए' अक्षर (अॅडल्टरी, म्हणजे व्यभिचारातला ए) एवढंच बोलतात. हेस्टर जबरदस्त आहेच, प्रश्नच नाही. पण मला विचाराल तर पुस्तक पेलून धरलंय ते डिम्सडेल आणि चिलिंगवर्थ या दोघांनी. (पुढे गोष्ट उघड केलीय, बघा.)

सतराव्या शतकातलं बॉस्टन, कडक प्युरिटन लोक, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे ख्रिस्ती. डिम्सडेल तिथला लाडका तरुण पाद्री, हेस्टरच्या मुलीचा बाप तोच, पण तोंड उघडत नाही. चिलिंगवर्थ म्हणजे हेस्टरचा नवरा, नाव बदलून गावात डॉक्टर म्हणून राहतो आणि संशय आला की या पाद्र्याच्या हात धुऊन मागे लागतो, अगदी एकाच घरात राहायला जातो, औषधं देतो, गप्पा मारतो आणि गप्पा मारता मारता मन उकरत राहतो.

एक प्रसंग तर डोक्यातून जातच नाही. डॉक्टर कसलीतरी काळपट पानं घेऊन बसलाय, पाद्री सहज विचारतो कुठे मिळाली, तर हा म्हणतो, कबरीवर उगवली होती, मेलेल्याच्या काळजातून, बहुतेक न सांगितलेलं गुपित असणार त्याचं. पाद्री बिचारा म्हणतो, त्याला सांगायचं असेलही, जमलं नसेल. बस, एवढंच बोलणं, पण वाचताना घशाला कोरड पडते. मग थोड्याच वेळात पाद्री खुर्चीत झोपलेला असताना डॉक्टर त्याच्या छातीवरचं कापड बाजूला सारतो आणि आनंदाने वेडापिसा होतो, काय दिसलं ते हॉथॉर्न तिथे सांगतच नाही!!

डिम्सडेलचं मन त्याला आतून खातंय, उपास करतो, स्वतःला फटके मारतो, प्रवचनात मी महापापी आहे असंही म्हणतो, पण ते इतकं मोघम की लोकांना तो अजूनच संत वाटायला लागतो, म्हणजे कबुली देऊनसुद्धा खोटं वाढतच जातं. आणि डॉक्टरला तो मरायला नकोय!! हेस्टरला स्वतःच सांगतो की मी नसतो तर हा पहिल्या दोन वर्षांतच संपला असता. सूड घ्यायचाय म्हणून त्याला जगवतोय, म्हणून शेवटी डिम्सडेल भर गावासमोर चबुतऱ्यावर चढून सगळं कबूल करतो तेव्हा हा ओरडतो, सुटलास माझ्या हातातून. नंतर वर्षभरात स्वतःही मरतो, कारण जगायला काही उरलंच नाही. द्वेष आणि प्रेम मुळात एकच तर नाहीत ना, हा प्रश्न हॉथॉर्न शेवटी टाकतो तो या दोघांमुळेच.

पुस्तक सोपं नाहीये, वाक्यं लांबलचक, इंग्रजी जुनं, आणि सुरुवातीचं 'कस्टम हाऊस' प्रकरण फार रेंगाळतं, ते सरळ सोडा आणि कादंबरी संपली की वाचा, तेव्हा जास्त आवडेल. माझ्या पेपरबॅकमध्ये टिपा अजिबात नाहीत आणि अक्षर बारीक, त्यामुळे घेताना टिपांवाली आवृत्ती बघून घ्या. कादंबरीला ५ पैकी ५, या प्रतीला ३.