खोटं सांगून विकलेला फ्लॅट: व्यवहार मोडावा की टिकवावा?

रीसेलचा फ्लॅट घेताना मालक म्हणाला, ‘कसलाही बोजा नाही.’ पुढे कळलं, की बँकेकडे तो गहाण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि निवड मालकाची नाही, तुमची. याच कलमात नेमकं असंच उदाहरण दिलंय: मिळकत बोजारहित असल्याचं कपटाने सांगून विकली, तर घेणाऱ्याने एकतर करार मोडावा, नाहीतर तो पुरा करून घेऊन गहाणाची रक्कम फेडायला लावावी.

मोडायचा ठरवलात तर दिलेले पैसे परत मागता येतात, झालेल्या नुकसानीची भरपाईही (कलम ७५). पण ताबा घेतला असेल तर तोही परत द्यावा लागतो. गृहकर्ज हा तुमचा बँकेशी वेगळा करार, त्यामुळे हप्ते आपोआप थांबत नाहीत. दोष मालकीहक्कातच असेल, तर मात्र माझ्या मते मोडणंच शहाणपणाचं.

घर पसंत आहे, दोष पैशाने भरून निघणारा आहे आणि त्या भागात तेवढ्या पैशात दुसरं मिळणार नाही, असं असेल तर करार टिकवा. सांगितलेलं खरं असतं तर तुम्ही ज्या स्थितीत असता, तिथे आणून ठेवा, असा आग्रह तुम्ही कायद्याने धरू शकता.

निवडीआधी एक गोष्ट नक्की तपासा: मालक जाणूनबुजून खोटं बोलला, की त्याचाच खरोखर तसा समज होता? समज प्रामाणिक असेल, किंवा त्याने कपटाने मौन पाळलं असेल, तर ‘साध्या चौकशीत हे तुम्हाला कळलं असतं’ हा बचाव त्याला मिळतो आणि मोडण्याची वाट बंद होऊ शकते. धडधडीत खोटं बोलणाऱ्याला हा बचाव नाही. म्हणून व्हॉट्सॲपवरचे मेसेज, जाहिरात, दलालाने दिलेला कागद, काहीही डिलीट करू नका.

खरं कळल्यावरही तक्रार न करता मालकाला पुढचा हप्ता दिलात, तर व्यवहार तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघू शकतो. आधी वकिलामार्फत नोटीस द्या. करार रद्द करून घेण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, खरी गोष्ट कळल्यापासून.

फ्लॅट बिल्डरकडून बुक केला असेल आणि प्रकल्प रेराखाली (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) येत असेल, तर आधी महारेराकडे (त्या कायद्याखालचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण) जा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरणाऱ्याला प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह आणि भरपाईसह परत मागता येते.