दाढ काढायच्या आधी अँटिबायोटिकचा डोस: हृदयाचा आजार असलेल्या कोणत्या मुलाला हवा, कोणाला नको

पोट्ट्याच्या हृदयाला छिद्र, त्यात दाढ किडली, डेंटिस्ट म्हणते आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारून या, अन् घरात आजी म्हणते देऊन टाका गोळी, बाप म्हणतो काहून उगाच अँटिबायोटिक. दोघंही बरोबर असू शकतात बाप्पा, हृदयात नेमकं काय आहे त्यावर आहे ते.

भीती एंडोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला अन् झडपांना होणाऱ्या जंतुसंसर्गाची. हिरडीतून रक्त आलं की तोंडातले जंतू रक्तात जातात, झडपेवर नाहीतर छिद्रावर लावलेल्या ठिगळाजवळ (पॅच) बसले की मग साधारण 4 ते 6 हप्ते शिरेतून अँटिबायोटिक, अन् काही मुलांचं ऑपरेशनच.

डोस हवाच अशी मुलं: कृत्रिम झडप असलेली, आधी एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेली, निळी पडणारी अन् अजून पूर्ण रिपेअर न झालेली (फक्त शंट, म्हणजे रक्त फुफ्फुसाकडे वळवायची नळी, टाकलेलीही यात), पॅच किंवा डिव्हाइस (छिद्र बुजवायचं बूच) बसवून 6 महिने व्हायचे आहेत अशी, अन् पॅचच्या बाजूनं अजून गळती राहिलेली. हे शेवटचं लोक विसरतात, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो वाटते, म्हणून ताज्या इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट वाचून घ्या.

नको: निळं न पडणाऱ्या मुलाची साधी व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र) किंवा एएसडी (वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र), अन् पूर्ण बंद होऊन 6 महिने उलटलेलं, गळती नसलेलं छिद्र. दुधाचा दात आपोआप पडला, ब्रेसेसची तार घट्ट केली, तर कोणालाच नको.

आधी व्हीएसडीवाल्यांनाही देत होते, 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं यादी छोटी केली, म्हणून जुन्या फाइलमध्ये डोस लिहिलेला अन् नवीन डॉक्टर नाही म्हणतात असं होते. ब्रिटनच्या नाइसनं (उपचारांचे नियम सुचवणारी तिथली सरकारी संस्था) 2008 मध्ये बंदच करायला सांगितलं होतं, मग 2016 मध्ये थोडं सैल केलं. मला छोटी यादीच पटते, कारण रोजच्या ब्रशनंही जंतू रक्तात जातातच, वर्षातून एका गोळीपेक्षा निरोगी हिरड्या जास्त कामाच्या.

डोस म्हणजे कोर्स नाही, एकदाच, दाढ काढायच्या 30 ते 60 मिनिटं आधी, अमॉक्सिसिलिन किलोमागे 50 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 2 ग्रॅम, म्हणजे 16 किलोच्या पोट्टीला 800. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, औषध बदलते, अन् क्लिंडामायसिन 2021 पासून त्या यादीत नाही. डोस डॉक्टरच लिहून देतील, आपण दुकानातून घेऊन पाजायचा नाही.

नागपुरात गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज मेडिकलच्याच (सरकारी मेडिकल कॉलेज) आवारात अन् सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल तिथून जवळच, त्यामुळे ज्यांची फाइल तिथं आहे त्यांना हृदयाच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन दाताकडे जाणं सोपं पडते.

यादीत असो की नसो, अशा मुलाला कारण न सापडणारा ताप रेंगाळला तर मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिक सुरू करू नका, आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी), तेही एकापेक्षा जास्त वेळा, नाहीतर जंतू रिपोर्टमध्ये दिसतच नाही अन् डॉक्टर अंदाजानं औषध देत बसतात.